जात ओळखावी कशी? : विकरांची साक्ष



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी पद्धत किंवा बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी यांपैकी कशावर तरी बोलू, अशी त्यांची समजूत होती. ती स्वाभाविकच होती. घाटकोपर-भांडुप-मुलुंडच्या आणि अंधेरी-बोरिवलीच्या कारखान्यांच्या दाराशी उभे राहून आम्ही तीस वर्षे हेच बोलत आलो आहोत. परंतु आज आम्ही प्राणिशास्त्रातील एक विषय मांडणार आहोत. आमचे शिक्षण रात्रशाळेचे. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताचा आव आणून आम्ही बोलणार नाही. ज्या प्रश्नाने आमच्या लोकांचे जन्मभर नुकसान केले, त्याच प्रश्नाला शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कसा हात घातला, एवढेच सांगावयाचे आहे. तो प्रश्न असा : जात म्हणजे काय आणि ती ओळखावी कशी?

मराठीत या एका शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. वाघ ही एक जात, सिंह ही दुसरी जात, असे आपण म्हणतो. आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाचे आडनाव ऐकून त्याचीही 'जात' काढतो. शब्द एकच असल्यामुळे वस्तूही एकच असावी असे मनाला वाटू लागते. ती एक नाही, हे आज व्याख्यान संपेपर्यंत आपल्या पदरात पडले, तर आमचे काम झाले.

जुन्या काळी प्राण्यांची जात डोळ्यांनी ठरवीत. रंग, आकार, दातांची संख्या, माशाच्या परांतील काटे. ही विद्या कमी प्रतीची नव्हे. वर्सोव्याच्या बाजारात बसणारी कोळीण पाटीतले मासे ज्या वेगाने निवडते, तो वेग पदवीधरालाही साधणार नाही. परंतु डोळ्यांची एक मर्यादा आहे. दोन प्राणी दिसावयास तंतोतंत सारखे आणि जातीने निराळे असू शकतात. उलट दोन प्राणी दिसावयास निराळे आणि जातीने एकच असू शकतात. तेव्हा डोळ्यांना न दिसणारी, पण आईबापांकडून थेट उतरलेली अशी काही खूण हवी होती. ती विसाव्या शतकाच्या मध्याला सापडली. ती खूण म्हणजे विकर. इंग्रजीत ज्याला एंझाइम म्हणतात ते.

विकर म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना न कळत ठाऊक आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिला की तोंडात गोडी येते. लाळेतले विकर पिठातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करीत असते. कापडाच्या धंद्यातल्या माणसांना दुसरे उदाहरण देतो. विणताना तुटू नये म्हणून ताण्याच्या सुताला खळ देतात. पुढे रंगवण्याआधी ती खळ काढून टाकावी लागते. ती काढण्यासाठी प्रक्रियाखात्यात जे द्रव्य घालतात, तेही त्याच जातीचे विकर असते. शरीरात अशी हजारो विकरे आहेत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. कारखान्यात जसा फिटर फिटरचे काम करतो आणि टर्नर टर्नरचे, तसेच.

बहुतेक सगळी विकरे ही प्रथिने होत. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. कोणता मणी कोठे ओवावयाचा याचा हुकूम जनुक देते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईची, एक बापाची. हुकुमात एका अक्षराचा फरक झाला, तर माळेतील एखादा मणी बदलतो. पुष्कळदा त्याने काम बिघडत नाही. परंतु काही मण्यांवर विजेचा भार असतो, आणि असा मणी बदलला की सगळ्या माळेचा भार बदलतो. एकच काम करणारी दोन विकरे, पण विजेच्या ओढीत एक पुढे जाणारे, एक मागे राहणारे. येथेच शास्त्रज्ञांना धागा सापडला.

१९५५ साली टोरोंटो येथे ऑलिव्हर स्मिथीज यांनी बटाट्याच्या पिष्टाच्या वडीतून प्रथिने वेगळी करण्याची रीत प्रसिद्ध केली. ही कल्पना त्यांना सुचली ती, लहानपणी आईच्या हाताखाली कपड्यांना खळ करताना ती थंड झाल्यावर घट्ट होते, हे पाहिल्याच्या आठवणीतून. शास्त्राचा इतिहास वाचताना अशा गोष्टी आम्ही मुद्दाम टिपून ठेवतो. घरातल्या बाईचे काम आणि प्रयोगशाळेतले काम यांत वाटते तेवढे अंतर नसते.

रीत सोपी आहे. पिष्ट क्षारांच्या पाण्यात शिजवून थाळीत ओततात; निवल्यावर खरवसासारखी वडी होते. तिला एक चीर देऊन त्यात टिपकागदाचे बारीक तुकडे ओळीने बसवतात. प्रत्येक तुकडा एकेका प्राण्याच्या रक्तात किंवा वाटलेल्या मांसाच्या रसात भिजवलेला असतो. मग वडीच्या दोन टोकांना काही तास विजेचा प्रवाह लावतात. जास्त भाराची प्रथिने लांब पळतात, कमी भाराची मागे रेंगाळतात. शेवटी वडी आडवी चिरून तिच्यावर असे द्रव्य ओततात की, ज्या विकराचा शोध चालू आहे, ते असेल तेथेच रंग उमटावा. ही रंग उमटवण्याची युक्ती हंटर आणि मार्कर्ट यांनी १९५७ साली दिली. पट्टी उमटली की कागदपत्र तयार झाले. आईकडून आणि बापाकडून एकच प्रकार आला असेल, तर एक पट्टी. दोन निराळे आले असतील, तर दोन, आणि काही विकरांत तीन किंवा पाचही. म्हणजे केवळ प्राणी कसा आहे एवढेच नव्हे, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या वारशाची नोंद त्या वडीवर वाचावयास मिळते.

या साधनाने पहिला मोठा धक्का दिला तो १९६६ साली. त्याआधी आनुवंशिकीत दोन तट होते. मुलर यांचा पक्ष म्हणे, प्रत्येक जातीत एक उत्तम नमुना असतो, बहुतेक सर्व प्राणी जवळजवळ त्या नमुन्याबरहुकूम असतात आणि जे वेगळे, ते बहुधा सदोष. दोब्झान्स्की यांचा पक्ष म्हणे, असा एकच आदर्श नमुना निसर्गात नाही. विविधता हीच सर्वसाधारण स्थिती आहे. वाद वर्षानुवर्षे चालला, कारण मोजावयास माप नव्हते. शिकागो येथे लेवाँटिन आणि हबी यांनी एका जातीच्या फळमाश्या घेतल्या, १८ जनुकांची प्रथिने पिष्टाच्या वडीवर चालवून पाहिली. तेव्हा एकेका वस्तीत सुमारे ३० टक्के जनुके एकाहून अधिक प्रकारांची आढळली. आणि एकेका माशीत सरासरीने १२ टक्के जनुकांच्या दोन प्रती परस्परांहून वेगळ्या निघाल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरिस यांनी माणसांच्या दहा विकरांची तपासणी केली, तर त्यांतही तीन विकरांत भेद सापडले. मुलर यांचा 'उत्तम नमुना' त्या वडीवर कोठे उमटलाच नाही.

ही विविधता कशाने टिकते, यावर पुढे नवा वाद पेटला. जपानचे किमुरा यांनी १९६८ साली मांडले की, यांतील बहुतेक बदल हितकरही नसतात आणि अहितकरही नसतात. केवळ योगायोगाने ते वाढतात किंवा लोपतात. दुसरा पक्ष निवडीला महत्त्व देणारा. या वादात शिरण्याची आमची पात्रता नाही. परंतु विविधता आहे, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी मान्य केली. आम्हांला तेवढे पुरे.

आता जातीचा निर्णय या पट्ट्यांवरून कसा लागतो ते पाहू. हिशेब साधा आहे, म्हणून कृपा करून लक्ष द्यावे. समजा, एका खाडीत शंभर मासे पकडले. सगळे दिसावयास सारखे. एक विकर तपासले. त्याचे दोन प्रकार निघाले, एक जलद आणि एक मंद, दोन्हींचे प्रमाण निम्मे निम्मे. हे सर्व मासे परस्परांत मोकळेपणी संतती करीत असतील, तर शंभरांत सुमारे २५ निव्वळ जलद, २५ निव्वळ मंद आणि ५० मिश्र सापडावयास हवेत. नाणे दोनदा उडवले तर छापा-काटा असा मिश्र निकाल निम्म्या वेळा येतो, तोच हा हिशेब. पण प्रत्यक्षात ५० निव्वळ जलद, ५० निव्वळ मंद आणि मिश्र एकही नाही असे निघाले, तर? तर एकाच पाण्यात राहणाऱ्या त्या माशांचा परस्परांशी बेटीव्यवहार नाही, असे ठरते. आणि असाच निकाल आणखी पाच-दहा विकरांनी दिला, तर त्या दोन निराळ्या जाती आहेत, मग त्या डोळ्यांना कितीही सारख्या दिसोत.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी गोव्याच्या पाण्यातील बोय माशांच्या निरनिराळ्या जातींमधील आनुवंशिक अंतर याच मार्गाने मोजले. ते काम १९९२ साली प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १९९३ साली घोळ-ढोम्याच्या कुळातील चार जातींचेही काम झाले. बोयीची पिल्ले परस्परांसारखी दिसतात. खाडीतून पिल्ले धरून जो ती तळ्यात वाढवणार, त्याला आपण कोणती जात सोडली हे कळले नाही, तर वर्षाची मेहनत वाया जाते. आपल्या अंधेरीजवळ वर्सोव्याला १९६१ सालापासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. अशा संस्थांच्या भिंतींआड चालणारा अभ्यास आणि भिंतीबाहेरच्या कोळीवाड्याचे पोट यांचा संबंध येथे आहे. दुसराही एक प्रश्न आहे. दोन बंदरांसमोरचे मासे ही एकच वस्ती की दोन? एकच असेल, तर एका बंदरासमोर बेसुमार मासेमारी झाली की दुसऱ्या बंदराचाही घास जाणार. दोन असतील, तर प्रत्येकीची राखण निराळी करावी लागणार. विकरांच्या प्रकारांचे प्रमाण दोन्हीकडे स्पष्टपणे निराळे आढळले, तर वस्त्या निराळ्या असे धरता येते. सारखे आढळले, तर मात्र घाईने निष्कर्ष काढता येत नाही; थोडीशी ये-जाही प्रमाण सारखे ठेवावयास पुरते.

माशांपेक्षा डासांचे उदाहरण आम्हांला अधिक जवळचे वाटते. भारताच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा प्रमुख डास अॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस. याला पुष्कळ वर्षे एकच जात मानीत. १९८० च्या सुमारास गुणसूत्रांच्या पाहणीवरून कळले की, ही एक जात नव्हे. पुढे पाच सारख्या दिसणाऱ्या जाती मोजल्या गेल्या. त्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावे दिली आहेत. यांपैकी ब ही मुख्यतः गुरांचे रक्त पिते आणि हिवताप वाहून नेण्यात अगदी कच्ची आहे. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले की, लॅक्टेट डीहायड्रोजनेज या एका विकराच्या पट्ट्यांवरून यांतील काही जाती एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात. याचा व्यवहारातील अर्थ काय? एखाद्या गावात डास खूप आहेत, पण ते ब जातीचे आहेत. दुसऱ्या गावात थोडे आहेत, पण ते अ जातीचे. डास मोजून फवारणी केली, तर पैसा पहिल्या गावात खर्च होईल आणि माणसे दुसऱ्या गावात तापाने फणफणतील. शत्रू कोण हे नीट ओळखल्याशिवाय लढा देऊ नये, हा धडा आम्ही चळवळीत शिकलो. डासांच्या बाबतीतही तो खराच आहे.

आता बोरिवलीकडे वळू. आपल्या राष्ट्रीय उद्यानातील सिंह पाहावयास आपण मुलाबाळांना घेऊन जातो. २०२२ च्या नोव्हेंबरात जुनागडच्या सक्करबागेतून सिंहाची एक जोडी तेथे आली. बदल्यात येथून वाघाची जोडी गेली. जुनागडचीच जोडी कशासाठी, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर विकरांनी दिले आहे.

आशियातील सिंह आज रानटी स्थितीत फक्त सौराष्ट्रात, गीर आणि त्याच्या आसपास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो फारच थोडा उरला होता. जुनागडच्या नबाबांनी शिकार बंद केली, म्हणून वाचला. २०२५ च्या गणनेत त्याची संख्या ८९१ भरली. परदेशांतील प्राणिसंग्रहालयांतही 'आशियाई' म्हणून सिंह पाळले जात होते, आणि त्यांची शुद्ध पैदास करण्यासाठी १९८१ साली अमेरिकेत एक योजना सुरू झाली. ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या योजनेतील २९ सिंहांचे आणि सक्करबागेतील २८ सिंहांचे रक्त ४६ प्रथिनांसाठी तपासले. निकाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. गीरचे सर्व सिंह ४६ च्या ४६ प्रथिनांत एकसारखे. फरक म्हणून नाही. आफ्रिकेतील सिंहांत मात्र फरक होते. आणि अमेरिकेतील 'शुद्ध आशियाई' सिंहांत तीन ठिकाणी असे प्रकार सापडले की, जे तोवर फक्त आफ्रिकेतील सिंहांत आढळले होते! वंशावळी उलगडल्या, तेव्हा कळले की, त्या पैदाशीच्या पाच प्रमुख मूळ प्राण्यांपैकी दोन, त्रिवेंद्रमच्या प्राणिसंग्रहालयातून गेलेली एक जोडी, आफ्रिकी सिंहांच्या वंशातील होती. कागदावरची वंशावळ एक सांगत होती, रक्त दुसरेच सांगत होते.

येथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. कारण याच निकालात एक धोक्याची सूचना आहे. गीरचे सिंह एकसारखे निघाले, ही अभिमानाची गोष्ट नव्हे. संख्या एकदा अगदी खाली गेली, उरलेल्या थोड्यांपासून पुढची पिढी झाली, म्हणून विविधता गळून गेली. चित्त्यांचेही तसेच. १९८३ साली ५५ चित्त्यांची ४७ विकरे तपासली, तर एकाही ठिकाणी फरक आढळला नाही. सगळ्यांचे शस्त्र एकच असले, आणि ते एखाद्या रोगापुढे बोथट ठरले, तर सगळेच उघडे पडतात. गीरच्या सिंहांविषयी एवढे मात्र सांगितले पाहिजे की, १९९७ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या निराळ्या रीतीने तपासणी केली, तेव्हा त्यांना या सिंहांत विविधता दिसली. विकरांची चाळणी जाड भोकांची आहे. तिच्यातून पुष्कळ काही निसटते. तरीही धोका खोटा नाही. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, आणि काही सिंहांत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ओळखला. दोष केवळ एकसारखेपणाला देता येणार नाही. सेरेंगेटीच्या सिंहांत विविधता असूनही १९९४ साली याच रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह नेले. पण सेरेंगेटीचे सगळे गेले असते, तरी आफ्रिकेत सिंह उरले असते. आपली सगळी पुंजी एका गाठोड्यात आहे. म्हणूनच काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. २०२२ साली कुनोत सोडले गेले ते नामिबियातून आणलेले चित्ते.

वर्गीकरणाचीही गंमत पाहा. गीरच्या सिंहाला आपण एक स्वतंत्र पोटजात मानीत आलो. परंतु पुढे डीएनएच्या पुराव्यावरून दिसले की, तो आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील सिंहांचा जवळचा भाऊबंद आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील सिंह त्या दोघांपासून दूरचे. २०१७ साली मार्जारकुळाच्या तज्ज्ञांनी यादी सुधारली आणि गीरचा सिंह व पश्चिम-मध्य आफ्रिकेचा सिंह एकाच पोटजातीत घातले. नकाशावरची सीमा एकीकडे आणि रक्ताची सीमा भलतीकडे!

आणि आता माणूस. आपल्या मुंबईत या कामाची परंपरा मोठी आहे. डॉ. वसंत खानोलकर आणि संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्रज शास्त्रज्ञांसह एक असा रक्तगट जगापुढे आणला की, त्याला जग 'बॉम्बे' रक्तगट म्हणूनच ओळखते. अशा माणसाच्या शरीरात रक्तपेशीवर एक विशिष्ट शर्करा बसवणारे विकर नसते. म्हणून त्याला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्याचे चालते. १९६१ साली संघवी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील लोकांत जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेची नोंद केली. हे विकर तांबड्या पेशींचे संरक्षण करते. ते कमी असलेला माणूस एरवी धडधाकट असतो. पण हिवतापावरचे प्रायमाक्विन हे औषध किंवा काही रासायनिक द्रव्ये त्याच्या पेशी फोडून टाकतात.

येथे विषय आमच्या दारात येऊन उभा राहतो. उपनगरांत इमारती उठतात, पाण्याच्या टाक्यांत आणि साठलेल्या पाण्यात शहरी हिवतापाचा डास वाढतो, आणि ताप प्रथम बांधकामावरच्या मजुराला चढतो. त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या देण्यापूर्वी या विकराची तपासणी झाली, तर त्याचा जीव वाचतो. ही तपासणी आम्हांला हवी आहे. परंतु हीच तपासणी दुसऱ्या हातात गेली म्हणजे काय होते, हेही आम्ही जाणतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रंगद्रव्याच्या कारखान्यात – नाव घेण्याचे कारण नाही – एका कामगाराचे ओठ निळे पडले, त्याला भोवळ आली. व्यवस्थापनाचे म्हणणे पडले की, दोष या माणसाच्या रक्तात आहे. त्याला घरी पाठवा. आम्ही म्हटले, रक्तात दोष असेल, नसेल; खात्यात वाफ कोंडली आहे की नाही, ते आधी सांगा. पंखा बसवावयास सहा महिने लागले. पंखा बसल्यावर कोणाचेच ओठ निळे पडले नाहीत. रक्त कसेही असो.

हा प्रश्न एका कारखान्याचा नाही. अमेरिकेत कामगारांच्या आनुवंशिक तपासणीवर एवढा वाद झाला की, तेथील संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कचेरीने १९८३ साली त्यावर अहवाल काढला. आणि २००८ साली कायद्याने मालकाला असल्या माहितीवरून नोकरी नाकारण्यास मनाई केली. आपल्याकडेही असा स्पष्ट कायदा असला पाहिजे, अशी आमची मागणी आहे. मुलर यांच्या पक्षाचे म्हणणे आठवा : एक उत्तम नमुना, बाकी सदोष. शास्त्राने ते १९६६ साली टाकून दिले. कारखान्याच्या दारावर ते अजून उभे राहू शकते. विष हवेत ठेवून माणसे निवडावयाची, की माणसे आहेत तशी धरून विष काढावयाचे, एवढाच हा सवाल आहे.

शेवटचा मुद्दा सुरुवातीच्या शब्दाचा. १९७२ साली लेवाँटिन यांनी जगभरच्या माणसांच्या रक्तगटांचा, प्रथिनांचा आणि विकरांचा हिशेब मांडला. मानवजातीत जेवढी विविधता आहे, तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के एकेका समाजाच्या आतच सापडते. ज्यांना मोठे वंश म्हणतात, त्यांच्या-त्यांच्यातील भेदाच्या वाट्याला सहा-सात टक्केच येतात. शंभर वेगवेगळ्या खुणा एकदम पाहिल्या तर माणसाचे पूर्वज कोणत्या भागातले, याचा अंदाज बांधता येतो, असा आक्षेप त्यावर पुढे घेतला गेला, आणि तो बरोबरही आहे. पण त्याने ८५ चा आकडा बदलत नाही. कोणी विचारील, मग मुंबईतील जातीजातींत रक्तगटांचे प्रमाण निराळे का आढळले? त्याचे उत्तर आपण खाडीतल्या माशांच्या हिशेबात पाहिलेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या बेटीव्यवहार बंद ठेवला की प्रमाण बदलते. परंतु माशांच्या दोन जातींत तो निसर्गाने बंद केलेला असतो, आणि माणसांत तो माणसाने बंद केला. कुंपण उघडले की माणसांत एकाच पिढीत मिश्र संतती होते, आणि ती इतर कोणासारखीच चालते-बोलते, शिकते, संपातही उतरते. निसर्गाच्या जातीची कसोटी लावली तर माणसाची जात एकच. आपण ज्याला जात म्हणतो ती लग्नाच्या नियमांची वही आहे; रक्तात तिचे शिक्के उमटले असतील, पण ती रक्ताने लिहिलेली नाही.

आज पिष्टाच्या वड्या बहुतेक प्रयोगशाळांतून गेल्या. डीएनए थेट वाचता येतो आणि विकरांच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी बारीक भेद दिसतात. तरी ज्या साध्या साधनाने पहिल्यांदा मोजले, त्याचे ऋण राहतेच. आपल्या वाचनालयांतून या विषयावरची मराठी पुस्तके फार थोडी आहेत. येथे महाविद्यालयांतील प्राध्यापक मंडळी बसली आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, हे ज्ञान त्यांनी मराठीत, आमच्यासारख्या रात्रशाळेच्या विद्यार्थ्याला समजेल असे लिहावे. आणि तरुण मित्रांना एवढेच सांगावयाचे की, पुढच्या वेळी खोली भाड्याने देताना किंवा मुलीचे लग्न ठरवताना कोणी 'जात कोणती?' म्हणून विचारले, तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर द्यावे.